साडूचा अ‍ॅम्प्लिफायर

लिफ्टवाल्यांना आपल्या साडूचा हेवा वाटायला लागला तो दिवस त्यांना पक्का आठवतो, कारण त्या दिवशी त्यांनी स्पीकरला कान लावला आणि त्यांना काहीच ऐकू आलं नाही.

पण त्याआधीचं सांगायला हवं, नाहीतर माणूस उगाच आकसखोर वाटेल.

लिफ्टवाले म्हणजे लिफ्टची दुरुस्ती करणारे. उंच इमारतींच्या गच्चीवर जी कोंदट खोली असते, जिथे मोटर गरगरते आणि दोरखंडांना वंगण लागतं, ती त्यांची कचेरी. दिवसभर तिथल्या पॅनेलसमोर उभं राहायचं, जळालेला रिले काढायचा, नवा बसवायचा, खाली अडकलेल्या लोकांना ओरडून धीर द्यायचा. घरी आले की हातपाय धुऊन चहा, आणि चहाचा कप हातात घेऊनच मागच्या बाल्कनीत. ती बाल्कनी त्यांनी काचा लावून बंद करून घेतली होती. बायकोला तिथे कपडे वाळत घालायचे होते. तो वाद लग्नानंतर सुरू झाला आणि मुलगी लग्न होऊन परगावी गेली तरी मिटला नाही.

त्या बाल्कनीत लिफ्टवाले अ‍ॅम्प्लिफायर बनवत. स्पीकरची खोकी बनवत. जुन्या कपाटाच्या फळ्या, मोडक्या टेबलाचे पाय, बिस्किटांचे डबे, कशाचं काय होईल याचा नेम नसे. सोल्डरचा धूर खिडकीतून स्वयंपाकघरात जाई आणि बायको तिथून खोकून निषेध नोंदवी. घरातल्या कुठल्याही दिव्याला सरळ बटण नव्हतं. एक दिवा टाळीवर लागे, दुसरा दार उघडलं की. आणि बाथरूममधला दिवा माणूस फार वेळ हलला नाही की आपोआप विझे. एकदा बायकोची थोरली नणंद आली होती. ती आतून ओरडली, "अरे, मेले की काय मी?"

वस्तू दिसायला ओबडधोबड, पण टिकाऊ. आणि सगळ्यांच्या आवाजामागे एक बारीकशी भुणभुण असायची, बंद खोलीत एखादी माशी अडकल्यासारखी. लिफ्टवाल्यांनी ती घालवायचा खूप प्रयत्न केला होता. नाही गेली. मग त्यांनी ठरवून टाकलं की घरी बनवलेल्या यंत्रात एवढं असायचंच.

आता या सगळ्याचं कौतुक कोण करणार? बायको ऐके, पण भाजी चिरताचिरता. मुलगी लहानपणी ऐके, मग तिला मैत्रिणी झाल्या. मनापासून ऐकणारं माणूस एकच होतं, आणि ते म्हणजे सासूबाई.

सासूबाईंनी उभी हयात कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणं केली. सासरे गेल्यावर त्या दोन खोल्यांत एकट्याच राहत, लेकींकडे राहायला येईनात. "तुमच्या घरात मला माझ्या वेळेला चहा मिळणार नाही," म्हणत. पण रविवारी दुपारी मात्र त्या लिफ्टवाल्यांकडे येत. वेताच्या खुर्चीत बसत, चप्पल काढून पाय स्टुलावर घेत आणि म्हणत, "लावा जावईबापू." लिफ्टवाले जुन्या गाण्यांची टेप लावत. सासूबाईंना एक जुनी गायिका फार आवडे. डोळे मिटून ऐकत आणि असं काही बोलत की लिफ्टवाल्यांची छाती फुगे.

"आज तंबोरा डावीकडे सरकलाय का हो?"

आणि खरंच लिफ्टवाल्यांनी त्या आठवड्यात डावीकडची एखादी जोडणी बदललेली असे. कारखान्यातल्या शंभर यंत्रांच्या गोंगाटात आयुष्य काढलेल्या बाईचे कान इतके तिखट कसे राहिले, हे त्यांना कळत नसे. पण घरात आपली एक कदर करणारी व्यक्ती आहे, एवढ्यावर ते आठवडाभर जगत. लोक आईवेड्या मुलाला हसतात. हा सासूवेडा जावई होता. लिफ्टवाल्यांची स्वतःची आई लवकर गेली होती, तेही एक कारण असेल.

धाकटा साडू चष्मेवाला. बाजारपेठेच्या कोपऱ्यावर त्याचं चष्म्यांचं दुकान. गोरागोमटा, गोलमटोल, बोलायला गोड, गिऱ्हाईकाला फ्रेम चढवून "अरे वा, तुम्हीच का हे?" म्हणणारा. एका रविवारी तो सासूबाईंना सोडायला आला आणि बाल्कनीच्या दारात उभा राहून लिफ्टवाल्यांचे हात बघत बसला.

"दादा, मला शिकवाल का हो? दुकानात दुपारी चिटपाखरू नसतं. नुसता माशा मारत बसतो."

लिफ्टवाल्यांना आनंद झाला. खरं सांगायचं तर शिकवण्यातलं जे सुख असतं, दुसऱ्याला काही येत नाही हे रोज पाहायचं सुख, ते त्यांना पहिल्यांदाच मिळत होतं. त्यांनी साडूला सोल्डर धरायला शिकवलं. मीटर कसा लावायचा ते शिकवलं. कुठला भाग उलटा बसला की फुटतो हे एक भाग मुद्दाम फोडून दाखवलं. साडू घाबरून मागे सरला तेव्हा लिफ्टवाले पोट धरून हसले.

"हळूहळू जमेल," ते म्हणाले. "घाई नाही करायची. मलाच अजून कुठे सगळं येतं!"

हे शेवटचं वाक्य माणूस नम्रतेने बोलतो तेव्हा ते खरं निघावं अशी त्याची इच्छा नसते.

आता तो दिवस. साडूने फोन केला, "दादा, पहिला अ‍ॅम्प्लिफायर झाला. तुमच्या हातूनच सुरू करायचाय." लिफ्टवाले गेले. साडूच्या बैठकीत टेबलावर एक पेटी होती. कडा घासून गुळगुळीत केलेल्या, बटणं एका ओळीत, आत डोकावलं तर तारा अशा रांगेने बांधलेल्या की जणू शाळेतली मुलं. सोल्डरचा प्रत्येक ठिपका चकचकीत आणि एकसारखा. आयुष्यभर भिंगं घासून फ्रेममध्ये बसवणारा हात तो. तो थरथरतो कशाला?

लिफ्टवाल्यांनी बटण दाबलं. स्पीकरकडे पाहिलं. थोडं थांबले. मग वाकून स्पीकरला कान लावला.

"बंद आहे का हा?"

"नाही दादा. चालू आहे."

"चालू?"

"दिवा लागलाय की."

लिफ्टवाले तसेच वाकून राहिले. भुणभुण नव्हती. माशी नव्हती. आत नुसती स्वच्छ शांतता होती. साडूने गाणं लावलं आणि त्या शांततेतून आवाज असा वर आला, की लिफ्टवाल्यांच्या कानशिलाला ऊब जाणवली.

"कसा आहे?" साडूने विचारलं. त्याच्या चेहऱ्यावर परीक्षेला बसलेल्या पोराची धाकधूक होती.

"ठीक आहे," लिफ्टवाले म्हणाले. "पहिल्याच्या मानाने ठीक आहे."

घरी येताना त्यांनी बसऐवजी पायीच येणं पसंत केलं. वाटेत त्यांना साडूविषयी बऱ्याच गोष्टी सुचल्या. एक तर त्याच्याकडे दुकान होतं, मोकळ्या दुपारी होत्या. शिवाय त्याने भाग नवेकोरे आणले होते, डब्यांतून शोधलेले नव्हते. आणि तंत्र कुणाचं? आपलंच. म्हणजे एका अर्थाने तो अ‍ॅम्प्लिफायर आपलाच. हा विचार त्यांना कोपऱ्यापर्यंत पुरला, पुढे नाही.

मग सुरू झालं ते सुरूच झालं. साडूने बैठकीत पडद्यामागे दिवे बसवले. संध्याकाळ झाली की खोली आपोआप उजळत जाई, बटणाचा खटका नाही की डोळ्यांवर तिरीप नाही. धाकटीच्या, म्हणजे साडूच्या बायकोच्या, मैत्रिणी बघायला येऊ लागल्या. लिफ्टवाल्यांच्या घरी येऊन कधी कुणी म्हटलं नव्हतं, "वा, काय दिवा आहे!" टाळी वाजवून दिवा लागला की लोक हसत, आणि ठसका लागून दिवा लागला की जास्त हसत.

आणि मग साडूने सासूबाईंना शिवणकामाचा दिवा करून दिला. लवचिक दांडा, त्यावर एक मोठं भिंग आणि भिंगाभोवती गोलाकार बारीक दिव्यांची माळ. सासूबाईंना दोन वर्षांपासून सुईत दोरा ओवता येत नव्हता. त्या दिव्याखाली त्यांनी पहिल्या झटक्यात ओवला.

"अगं, काय डोकं आहे धाकट्या जावयांचं!" त्या थोरल्या लेकीला फोनवर सांगत होत्या. फोनचा आवाज मोठा होता. लिफ्टवाले पेपर वाचत होते. पेपर उलटा नव्हता एवढंच.

"ऐकलंत का?" बायको म्हणाली. "आईला दोरा ओवता येतोय."

"भिंग लावल्यावर कुणालाही येईल. त्यात काय एवढं."

"मग तुम्ही का नाही लावलंत?"

गेली दोन वर्षं रविवारी सासूबाई येत होत्या, समोर बसत होत्या, आणि त्यांना दोरा ओवता येत नाही हे लिफ्टवाल्यांना माहीतही नव्हतं. त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. हे लक्षात आलं तेव्हा त्यांना स्वतःची लाज वाटायला हवी होती. वाटला साडूचा राग.

एका रविवारी सासूबाई आल्या नाहीत. "धाकट्या जावयांनी बोलावलंय, नवे स्पीकर केलेत म्हणे." पुढच्या रविवारी डोकं दुखत होतं. त्याच्या पुढच्या रविवारी काही कारणही सांगितलं नाही, धाकटीकडेच गेल्या. वेताची खुर्ची रिकामी. बायकोने तिच्यावर घड्या घालायचे कपडे आणून टाकले.

"उचल ते."

"का? कोण बसणार आहे?"

"अगं, उचल म्हणतो ना!"

बायको कपडे उचलताना म्हणाली, "आई कुणाची? माझी. आणि रुसलंय कोण? हे."

अशा मनःस्थितीत लिफ्टवाले एका रविवारी साडूकडे गेले. साडूने आग्रहच केला होता, स्पीकरच्या पेट्यांना नवं पॉलिश केलं होतं ते दाखवायला. सासूबाई यायच्या होत्या. धाकटी त्यांना आणायला गेली होती. साडू म्हणाला, "दादा, बसा, मी चहा टाकतो." आणि आत गेला.

लिफ्टवाले पेट्या बघत मागच्या बाजूला गेले. प्रत्येक स्पीकरला दोन तारा, आणि दोन्ही दिसायला सारख्याच. म्हणून साडूने प्रत्येक तारेला कागदाची इवलीशी चिठ्ठी बांधली होती. एकीवर अधिकचं चिन्ह, एकीवर उण्याचं. अक्षर सुद्धा मोत्यासारखं.

ते काय करताहेत हे त्यांना पूर्ण माहीत होतं. हात आपोआप गेला वगैरे काही नाही. दोन स्पीकरचे पडदे एकाच वेळी पुढे आणि एकाच वेळी मागे हलायला हवेत, तरच गाणं समोर उभं राहतं. एकाच्या तारा उलट जोडल्या की एक पुढे येताना दुसरा मागे जातो आणि दोघं एकमेकांचा आवाज खातात. काही जळत नाही, काही बंद पडत नाही. शंभरातल्या नव्वद लोकांना कळतही नाही. फक्त गाण्याचा गाभा जातो.

लिफ्टवाल्यांनी उजव्या स्पीकरच्या तारा उलट केल्या. आणि चिठ्ठ्याही सोडून बदलून बांधल्या, म्हणजे बघणाऱ्याला सगळं बरोबरच दिसावं. आतून कपबश्यांचा आवाज येत होता. साडू विचारत होता, "दादा, साखर कमीच ना?"

"कमीच," लिफ्टवाले म्हणाले.

सासूबाई आल्या, बसल्या. साडूने त्यांची आवडती टेप लावली. लिफ्टवाले खिडकीशी उभे राहिले. त्यांना लगेच कळलं. आवाज पातळ, पोकळ, कुठून येतोय ते कळेना असा. साडूने कपाळाला आठी घातली, पण तो काही बोलला नाही. धाकटी मान डोलवत होती. सासूबाईंनी डोळे मिटले. मग उघडले. मान डावीकडे केली, उजवीकडे केली. करंगळी कानात घालून हलवली.

"जरा मोठं करता का?"

साडूने आवाज वाढवला. सासूबाई अवघडून बसल्या. मग धाकटीला हळूच म्हणाल्या, "तुला नीट ऐकू येतंय?"

"हो की. मस्त येतंय."

"राहू दे मग. बंद करा. डोकं जड झालंय माझं."

त्या गेल्या. लिफ्टवाल्यांना वाटलं, आता येतील पुढच्या रविवारी आपल्याकडे. जाताना ते जिन्यात शीळ घालत होते.

पुढच्या रविवारी सासूबाई आल्या नाहीत. धाकटीकडेही गेल्या नाहीत. मधल्या एका दिवशी बायको त्यांच्याकडे जाऊन आली ती चेहरा पाडून.

"आईला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले होते."

"कशाला?"

"म्हणते, कान गेले. डॉक्टर म्हणाले वयाच्या मानाने उत्तम आहेत. तर म्हणते, त्यांच्या यंत्रातल्या शिट्ट्या येतात ऐकू, पण गाणं कुठे येतंय? गाणारी बाई समोर बसलेली असायची, ती आता दिसतच नाही म्हणते. काय बोलते मला तर काही कळत नाही. आधी डोळे, आता कान, असं म्हणून रडली हो. रेडिओसुद्धा शेजारणीला देऊन टाकला."

लिफ्टवाल्यांनी ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी कामावरून परस्पर ते सासूबाईंकडे गेले. त्या साडूच्या दिव्याखाली बसून कुणाच्या तरी सदऱ्याला बटण लावत होत्या. फळीवर जिथे रेडिओ असायचा तिथे पुसल्यासारखा एक चौकोन होता, भोवती धूळ.

"आई, रविवारी या ना. लावतो तुमची टेप."

"नको हो जावईबापू."

"का बरं?"

त्यांनी दोरा दातांनी तोडला. "तुमच्याकडे येऊन तिथेही नाही ऐकू आलं तर? निदान अजून मला माहीत नाही. तसंच राहू दे."

खरं काय ते तोंडापर्यंत आलं होतं. पण सासूबाई त्यांच्याकडे अशा विश्वासाने बघत होत्या, की लिफ्टवाल्यांनी ते गिळलं आणि तिथून थेट साडूकडे गेले. गुपचूप तारा सरळ कराव्यात, चिठ्ठ्या जागच्या जागी बांधाव्यात, आणि सासूबाईंना काहीतरी निमित्त काढून आणावं, एवढाच बेत होता.

साडूच्या बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. स्पीकर उघडून ठेवलेले, अ‍ॅम्प्लिफायरचं झाकण काढलेलं, जमिनीवर स्क्रू वाट्यांमध्ये वेगवेगळे. मधोमध साडू, दाढी वाढलेला.

"दादा, बरं झालं आलात. मला सापडत नाहीये."

"काय?"

"चूक. सगळं दोनदा उघडलं, दोनदा जोडलं. एकेक तार चिठ्ठी बघून जागच्या जागी लावली. तरी तसंच."

"अरे पण धाकटी म्हणते छान वाजतं. डॉक्टर म्हणतात आईंचे..."

"डॉक्टर काहीही म्हणोत. आईंचे कान चुकणार नाहीत, दादा. माझंच काहीतरी चुकलंय. दुकान बंद ठेवलंय मी दोन दिवस."

लिफ्टवाले दारातच उभे राहिले. त्यांच्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगतो, कारण माणूस कसा असतो ते कळावं. पश्चात्ताप नंतर आला. आधी आलं ते हे: इथेही हा पुढे! बाईच्या कानांवर याचा आपल्यापेक्षा जास्त विश्वास! इतकी वर्षं ती माझ्या खुर्चीत बसली, आणि तिच्यासाठी दुकान बंद ठेवायचं सुचलं ते याला!

"जोड सगळं," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "आणि आईंना बोलवून घे."

सासूबाई यायला तयार नव्हत्या. धाकटीने चक्कर येतेय असं खोटं सांगितलं तेव्हा कुठे त्या धावत आल्या, आणि लेक धडधाकट बघून चिडल्या. त्यांना धरून बसवलं. साडूने गाणं लावलं. तोच पोकळ आवाज. सासूबाईंनी मान खाली घातली.

लिफ्टवाले उठले. बटण बंद केलं. सरळ उजव्या स्पीकरच्या मागे गेले, वाकले, तारा सोडल्या, उलट करून आवळल्या. चिठ्ठ्यांना हात लावला नाही. परत येऊन बटण दाबलं.

सासूबाईंनी हळूच मान वर केली. दोन्ही स्पीकरच्या मधोमध, जिथे नुसती भिंत होती, तिथे बघत राहिल्या.

"आली," त्या म्हणाल्या. "आली बाई. बसली बघ."

मग त्या धाकटीचा हात धरून रडल्या, आणि रडतारडताच म्हणाल्या, "आवाज कमी करा, बहिरी नाहीये मी."

सासूबाई घरी गेल्यावर लिफ्टवाले निघाले, तेव्हा साडू जिन्यापर्यंत आला. त्याने दार मागे ओढून घेतलं.

"दादा, तुम्ही सरळ उजव्याकडेच गेलात."

लिफ्टवाले जिन्याचा कठडा बघत राहिले.

"आणि चिठ्ठ्या माझ्या गाठीच्या नव्हत्या. ते मला आत्ता दिसलं." साडूने आवाज खाली आणला. "मी आईंना नाही सांगणार. कुणालाच नाही."

त्याने ओरडायला हवं होतं. चार शिव्या दिल्या असत्या तर लिफ्टवाले मान खाली घालून ऐकून घेते आणि हिशोब मिटता. पण हा माफ करून मोकळा झाला. वर "सांभाळून जा, तिसरी पायरी तुटलीय" असंही म्हणाला.

रस्त्यावर लिफ्टवाल्यांच्या अंगाचा जो तिळपापड झाला तसा आधी कधी झाला नव्हता. अ‍ॅम्प्लिफायर त्याचा चांगला, दिवा त्याचा चांगला, आता मनही त्याचंच मोठं. आणि हे मोठेपण तो आयुष्यभर जवळ बाळगणार. प्रत्येक भेटीत, प्रत्येक जेवणाच्या पंगतीत, समोर बसून गोड हसणार, आणि आपल्याला माहीत असणार की हा काय गिळून बसलाय. लिफ्टवाल्यांना ते सहन होईना. त्याला एवढा चांगला होऊ द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं आणि त्याच पावली सासूबाईंच्या दारात जाऊन उभे राहिले. एक चांगली गोष्ट माणूस कधीकधी अशीही करतो, निव्वळ जळफळाटाने.

"तारा मी उलट्या केल्या होत्या," ते उंबऱ्यातूनच म्हणाले. "मुद्दाम."

सासूबाई चप्पल काढत होत्या. एक पायात, एक हातात.

"का?"

"तुम्ही तिकडे जायला लागलात म्हणून."

सासूबाईंना आधी हसू येतंय असं वाटलं, पण ते हसू नव्हतं. "मी कानाच्या डॉक्टरांपुढे बसले. ते डब्यासारखं डोक्याला लावून. मला वाटलं, आता राहिलंय काय माझ्याजवळ? माझा रेडिओ..." त्यांचा आवाज फुटला. हातातली चप्पल त्यांनी जमिनीवर आपटली. "माझा रेडिओ आणून द्या आधी. मग तोंड दाखवा."

रेडिओ परत आणणं सोपं नव्हतं. शेजारीण खाष्ट. "दिलेली वस्तू परत मागतात का कुठे?" म्हणाली. तिला त्या रेडिओवर सकाळी बातम्या ऐकायची सवय लागली होती. लिफ्टवाले दोनदा हात हलवत परत आले. शेवटी त्यांनी बाल्कनीत बसून तिच्यासाठी एक नवा रेडिओ बनवला, लाकडी पेटीत, मोठ्या आकड्यांचा. शेजारणीने तो उलटासुलटा करून पाहिला. "याला कोपऱ्यात फट आहे," म्हणाली. लिफ्टवाल्यांनी ती फट बुजवून आणली. मग कुठे जुना मिळाला.

सासूबाईंनी रेडिओ घेतला आणि दार लावलं. बरेच आठवडे बोलल्या नाहीत. बायकोला सगळं कळलं होतं. ती रागावली नाही, तेच वाईट. ती फक्त अधूनमधून भाजी चिरताचिरता थांबून त्यांच्याकडे बघे आणि पुन्हा चिरू लागे.

मग एका बुधवारी लिफ्टवाल्यांना सुट्टी होती आणि बेल वाजली. दारात सासूबाई. काही न बोलता आत आल्या, वेताच्या खुर्चीत बसल्या, पाय स्टुलावर घेतले.

"लावा."

लिफ्टवाल्यांनी लावलं. टेप संपेपर्यंत दोघं गप्प. मग लिफ्टवाल्यांना राहवलं नाही. विचारू नये असा प्रश्न जिभेवरून घरंगळलाच.

"आई, खरं सांगा. कुणाचं चांगलं वाजतं?"

"त्यांचं," सासूबाई म्हणाल्या. एक क्षणही लावला नाही.

"हं."

"पुष्कळच चांगलं. तुमच्यात माशी आहे."

"मग इथे कशाला आलात?"

"तिथे गाणं चालू असताना धाकटे जावई सारखे विचारतात, 'आई, कसं वाटतंय? आई, आता कसं वाटतंय?' देवमाणूस आहे, पण ऐकू देत नाही. तुम्ही लावता आणि गप्प बसता." त्या खुर्चीत मागे टेकल्या. "रविवारी तिकडे, बुधवारी इकडे. जमेल ना? आणि पुन्हा तारांना हात लावलात तर बघा."

तेव्हापासून लिफ्टवाल्यांनी साप्ताहिक सुट्टी बुधवारची करून घेतली. पण म्हणून पोटातलं दुखणं गेलं असं कुणी समजू नये. "त्यांचं" हा शब्द त्यांना दाताखालच्या खड्यासारखा महिनोन्‌महिने टोचत होता.

साडूशी बोलणं हळूहळू सुरू झालं. आधी बायकांच्या मार्फत, मग सरळ. एका सकाळी दोघं भंगारबाजारात गेले, जुन्या यंत्रांचे सुटे भाग जिथे ढिगाने पडलेले असतात तिथे. दोघं एका ढिगावर दोन बाजूंनी वाकलेले. लिफ्टवाल्यांनी सहज मान वर केली आणि पाहिलं: साडूच्या हाती एक जुना ट्रान्सफॉर्मर लागला होता, तांब्याचा, जड, आजकाल न मिळणारा. साडूने इकडेतिकडे पाहिलं. आणि तो हळूच ढिगाखाली सरकवून वर एक पत्रा ओढला, नंतर एकट्याने येऊन न्यायचा म्हणून.

लिफ्टवाल्यांनी पुन्हा मान खाली घातली. पुढच्या ढिगाकडे जाताना साडूने घसा खाकरला.

"दादा, आई बुधवारी तुमच्याकडे येतात म्हणे."

"येतात."

"दर बुधवारी?"

"दर."

"काय ऐकवता त्यांना?" साडू हसत विचारत होता, पण हसू ओठांच्या कडांवरच अडकलं होतं. "नाही, म्हणजे धाकटी सांगत होती, बुधवारी तुमच्याकडून आल्या की आई फार खुशीत असतात. रविवारपेक्षा. माझ्याकडून काही कमी पडतंय का, एवढंच विचारतोय."

लिफ्टवाल्यांनी साडूकडे नीट पाहिलं. तो गोरा, गोल, देवमाणसाचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. लिफ्टवाल्यांना इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की या माणसाला मिठी मारावी असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

"काही कमी पडत नाही रे," ते म्हणाले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आई काय म्हणाल्या होत्या ते सांगावं की नाही, याचा त्यांनी क्षणभर विचार केला.

नाही सांगितलं.